विश्लेषण : बी.ए. एकच, वाटा दोन! सामाजिक शास्त्रे घ्यावीत की भाषा-साहित्य?

बारावीनंतर ‘आर्ट्सला जायचे’ हे ठरले की घरात विषय संपतो. प्रत्यक्षात खरी निवड तिथूनच सुरू होते. बी.ए. या एकाच पदवीच्या पोटात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल ही सामाजिक शास्त्रे आहेत. मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत, तत्त्वज्ञान असे भाषा-साहित्य आणि विचारांचे विषयही त्याच पोटात आहेत. प्रवेश अर्जावर, ओळखपत्रावर आणि पदवीवर ‘बी.ए.’ हीच अक्षरे दिसतात, म्हणून दोन्हींतला फरक सहज नजरेआड होतो. पुढे एम.ए., बी.एड., नेट किंवा एखाद्या सरकारी पदाची जाहिरात समोर आली की मात्र पहिला प्रश्न येतो : तुमचा मुख्य विषय कोणता होता? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या प्रश्नाचे वजन आणखी वाढले आहे. ही निवड नेमकी कधी होते, तिने कोणती दारे उघडतात, कोणती बंद होतात आणि प्रवेशाआधी काय पाहावे, याचा हा आढावा.

दोन्हींत मुळात फरक काय?

फरक विषयांच्या यादीपेक्षा कामाच्या पद्धतीत आहे. सामाजिक शास्त्रे माणसांच्या समूहाबद्दल प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी पुरावा गोळा करतात. त्यासाठी सर्वेक्षण, मुलाखती, जनगणनेचे आकडे, निवडणुकीचे निकाल, नकाशे, प्रयोग अशी साधने असतात. एखाद्या गावातून लोक शहराकडे का जातात, या प्रश्नाला अर्थशास्त्राचा विद्यार्थी मजुरी आणि पावसाचे आकडे लावून पाहील. समाजशास्त्राचा विद्यार्थी कोणत्या जातीतले, कोणत्या वयाचे लोक गेले, मागे कोण राहिले हे विचारेल. भूगोलाचा विद्यार्थी नकाशावर पाणी आणि रस्ते पाहील.

भाषा-साहित्याच्या अभ्यासात हाताशी असते ती संहिता : कादंबरी, कविता, नाटक, पत्र, शिलालेख, भाषण. हाच स्थलांतराचा प्रश्न साहित्याच्या वर्गात आला, तर गाव सोडणाऱ्या माणसाची भाषा कशी बदलते, लेखक त्याच्याकडे कुठून पाहतो, कोणाचा आवाज ऐकू येतो आणि कोणाचा दाबला जातो, हे वाचले जाते. इथे एकच बरोबर उत्तर नसते. म्हणून काहीही लिहिले तरी चालते, असा मात्र याचा अर्थ नाही. आपले म्हणणे संहितेतल्या ओळी दाखवून सिद्ध करावे लागते.

त्यामुळे निवड करताना ‘कोणता विषय सोपा’ यापेक्षा ‘मला कोणते काम तासन् तास करायला जमेल’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. तक्ते, आकडे, अहवाल आणि लोकांशी बोलणे जमेल, की सावकाश वाचन, लेखन, अनुवाद आणि शब्दांची पारख?

आपल्याकडे ही सरमिसळ कशी झाली?

एक कारण प्रशासकीय आहे. पूर्वी पुणे विद्यापीठात ‘मानसनीती व समाजविज्ञान’ अशी स्वतंत्र विद्याशाखा होती आणि कला विद्याशाखा वेगळी होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठांत चारच विद्याशाखा उरल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. सामाजिक शास्त्रे आणि भाषा दोन्ही मानव्यविद्येच्या एकाच छत्राखाली आल्या.

दुसरे कारण मोजणीचे आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार पदवी स्तरावर सर्वाधिक, म्हणजे ३४.२ टक्के विद्यार्थी ‘कला’ शाखेत होते. विज्ञानात १४.८, वाणिज्यात १३.३ आणि अभियांत्रिकी-तंत्रज्ञानात ११.८ टक्के. त्याच सर्वेक्षणात पदव्युत्तर स्तर पाहिला तर पहिला क्रमांक ‘सामाजिक शास्त्रे’ या रकान्याचा आहे. म्हणजे पदवीला जो विद्यार्थी सरसकट ‘कला’ म्हणून मोजला जातो, तोच एम.ए.ला गेला की वेगळ्या रकान्यात जातो. निवड तीन वर्षांपूर्वीच झालेली असते, मोजणीत ती उशिरा दिसते.

‘कला’ या शब्दाचाही घोळ आहे. चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला यांची पदवी बी.एफ.ए. असते. तिचा मार्ग वेगळा आणि राज्यात तिच्यासाठी स्वतंत्र सीईटी होते. त्याचप्रमाणे समाजकार्य म्हणजे समाजशास्त्र नव्हे. बी.एस.डब्ल्यू. आणि एम.एस.डब्ल्यू. हे प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर आधारलेले व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत, तर समाजशास्त्र ही समाजाचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा आहे. प्रवेशाच्या गर्दीत या दोन्हींत गल्लत होताना दिसते.

इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान यांचे काय?

हे सीमेवरचे विषय आहेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात इतिहासाचे केंद्र सामाजिक शास्त्रांच्या विभागात आहे आणि भाषा-साहित्याचा विभाग वेगळा आहे. दुसरीकडे संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्था पाहिल्या तर भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद १९६९ मध्ये स्थापन झाली, इतिहासासाठी १९७२ मध्ये स्वतंत्र परिषद आली आणि तत्त्वज्ञानासाठीही पुढे वेगळी परिषद झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व, भाषाविज्ञान आणि संस्कृत व कोशशास्त्र हे तीन विभाग एकाच आवारात आहेत. भाषाविज्ञानाचा अभ्यास भाषेचा असतो, पण त्याची पद्धत बऱ्याच अंशी शास्त्राची असते : नमुने गोळा करा, वर्गवारी करा, नियम शोधा.

परदेशातही रेषा पक्की नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची पदवी बी.एस्सी. नावाने मिळते आणि इतिहासाची बी.ए. नावाने. आपल्याकडेही अर्थशास्त्राची पदवी पुण्याच्या गोखले संस्थेत बी.एस्सी. म्हणून मिळते. आयआयटी मुंबईत अर्थशास्त्राचा बी.एस. अभ्यासक्रम आहे, मात्र त्याचा प्रवेश जेईईमधून होतो. पदवीच्या अक्षरांवरून फार निष्कर्ष काढू नयेत. आत किती गणित, किती क्षेत्रकार्य आणि किती वाचन आहे, ते पाहावे.

नव्या धोरणाने काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर झाले. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी पाच-सहा विषय, नंतर ‘स्पेशल’ असा क्रम होता. आता मुख्य विषय म्हणजे ‘मेजर’, जोडविषय म्हणजे ‘मायनर’, इतर विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा कप्प्यांत क्रेडिट विभागले आहेत.

राज्याच्या रचनेत वर्षाला ४४ क्रेडिट आहेत. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८८ क्रेडिटवर पदविका, तिसऱ्या वर्षानंतर १३२ क्रेडिटवर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर १७६ क्रेडिटवर ऑनर्स अशी उतरंड आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी बाहेर पडायचे असेल तर जादा क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. परत येण्याची मुभा आहे, पण पदवी कमाल सात वर्षांत पूर्ण करावी लागते.

इथे महत्त्वाची बाब अशी की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार एखाद्या विषयातली पदवी मिळण्यासाठी एकूण क्रेडिटपैकी किमान निम्मे त्या मुख्य विषयाचे असावे लागतात. म्हणजे मुख्य विषय हा गुणपत्रिकेतला एक रकाना राहिला नाही. पदवीचा कणा तोच आहे.

मग निर्णय नेमका कधी होतो?

हे विद्यापीठावर अवलंबून आहे आणि अनेकांचे गणित इथेच चुकते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०२४ च्या रचनेत पहिल्या वर्षी विद्यार्थी तीन विषय घेतो. दुसऱ्या वर्षात जाताना त्यातला एक मुख्य आणि एक जोडविषय होतो. काही विद्यापीठांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत मुख्य विषय पहिल्या सत्रापासूनच ठरतो.

तीन विषयांची मुभा असेल तर तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. दुसऱ्या वर्षी निवडायचा मुख्य विषय या तिघांपैकीच असतो. म्हणजे पहिल्या वर्षी इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल घेतलेल्या मुलीला दुसऱ्या वर्षी मराठी साहित्य मुख्य विषय म्हणून घ्यावेसे वाटले, तर वाट अवघड होते. मन पक्के नसेल तर तीन विषयांत दोन सामाजिक शास्त्रे आणि एक भाषा, किंवा दोन भाषा आणि एक सामाजिक शास्त्र अशी जुळणी ठेवणे शहाणपणाचे. वर्षभरात दोन्हींची चव कळते आणि दोन्ही दारे उघडी राहतात.

अडचण अशी की ही तीन विषयांची जुळणी अनेक ठिकाणी विद्यार्थी स्वतः करत नाही. महाविद्यालयाने ठरवून दिलेले गट असतात, त्यातला एक निवडायचा असतो. वेळापत्रक, उपलब्ध प्राध्यापक आणि वर्गखोल्या यांवर हे गट ठरतात. त्यामुळे प्रवेश अर्ज भरताना गटाची यादी मागून घेणे हे पहिले काम.

मुख्य विषयामुळे कोणती दारे उघडतात, कोणती बंद होतात?

शिक्षकी पेशा : बी.एड.ला अध्यापन पद्धतीचे विषय पदवीच्या विषयांवरून ठरतात. मराठी, इंग्रजी, हिंदी घेतलेल्यांना भाषा शिक्षकाची वाट असते, तर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घेतलेल्यांना सामाजिक शास्त्रांची. मुख्य आणि जोडविषय वेगवेगळ्या बाजूचे असतील तर शाळेला दोन विषय शिकवू शकणारा उमेदवार मिळतो.

महाविद्यालयीन अध्यापन : त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ही परीक्षा ज्या विषयात एम.ए. त्याच विषयात द्यायची असते आणि एम.ए.चा प्रवेश अनेकदा बी.ए.च्या मुख्य विषयाशी जोडलेला असतो. साखळी अशी मागे मागे येत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचते.

अर्थशास्त्रातली पदे : भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र किंवा संबंधित विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील अधिकारी पदांसाठीही अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण अपेक्षित असते. साहित्याचा पदवीधर कितीही हुशार असला तरी ही जाहिरात त्याच्यासाठी नसते.

भाषेतली पदे : उलट उदाहरण बँकांतील राजभाषा अधिकाऱ्याचे. त्यासाठी हिंदीत एम.ए. आणि पदवीला इंग्रजी हा विषय, किंवा संस्कृतात एम.ए. आणि पदवीला हिंदी व इंग्रजी हे दोन्ही विषय अशी अट असते. पदवीला तो विषय घेतलाच नसेल तर नंतरच्या एम.ए.ने ही उणीव भरून निघत नाही.

मानसशास्त्र : सध्या सर्वाधिक मागणी असलेल्या विषयांपैकी हा एक. पण केवळ बी.ए. मानसशास्त्र करून चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. त्यासाठी पुढचे विशेष प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शिवाय २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने प्रवेश देण्यास मनाई केली आहे. नोकरी करत बाहेरून हा विषय करू, असे ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

संशोधन : चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला एम.ए. न करता थेट पीएच.डी. प्रवेशाच्या प्रक्रियेत भाग घेता येतो. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. मात्र संशोधनासह ऑनर्ससाठी त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतात. तुमच्या महाविद्यालयात तुमच्या विषयाचे चौथे वर्ष आहे का, हा प्रश्न म्हणूनच आजच विचारायला हवा. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये आलेली पहिली तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षे पूर्ण करेल. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधणे उशिराचे ठरेल.

स्पर्धा परीक्षांसाठी सामाजिक शास्त्रेच घ्यावीत का?

तालुक्याच्या गावापासून पुण्याच्या सदाशिव पेठेपर्यंत हा सल्ला सर्रास मिळतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था हे सामान्य अध्ययनाचे गाभ्याचे घटक आहेत, त्यामुळे सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला आघाडी मिळते. पण यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षेतील लेखी १७५० गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे असतात आणि तो विषय पदवीचाच असावा अशी अट नाही. त्या यादीत मराठी साहित्यासह अनेक भाषांचे साहित्य आणि तत्त्वज्ञान आहे.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हा बदल आधी २०२३ पासून येणार होता. पुण्यात विद्यार्थ्यांची आंदोलने झाली आणि तो लांबणीवर पडला. आता तिथेही एका वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरना मिळून ५०० गुण आहेत. पर्यायांतून एक निवडण्याऐवजी पानभर मुद्देसूद लिहायचे असेल, तर लेखनाचा सराव असलेला साहित्याचा विद्यार्थी मागे नाही. पुस्तकी माहिती पाठ करणारा सामाजिक शास्त्रांचा विद्यार्थी मात्र मागे पडू शकतो.

एक धोका दोघांनाही सारखाच आहे. पदवीची तीन वर्षे फक्त स्पर्धा परीक्षेची तयारी म्हणून काढली आणि यश आले नाही, तर हातात विषयही उरत नाही. त्यामुळे परीक्षेला उपयोगी पडेल तो विषय घेण्यापेक्षा, परीक्षा नाही जमली तरी ज्याच्या बळावर उभे राहता येईल तो विषय घेणे अधिक सुरक्षित.

गणित आणि इंग्रजी किती लागते?

‘गणित नको म्हणून आर्ट्स’ हे कारण सामाजिक शास्त्रांत फार काळ टिकत नाही. अर्थशास्त्रात पुढे जायचे तर गणित आणि संख्याशास्त्र अटळ आहे. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राच्या प्रवेशासाठी सीयूईटीमध्ये गणित द्यावेच लागते. मानसशास्त्रात संख्याशास्त्र आणि प्रात्यक्षिके आहेत. भूगोलात नकाशाशास्त्र आणि संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली आहे. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्रातही सर्वेक्षणाचे विश्लेषण करावे लागते. आपल्या राज्य मंडळात अकरावी-बारावीचे ‘गणित आणि संख्याशास्त्र’ कला शाखेलाही घेता येते. अर्थशास्त्राचा विचार असलेल्या अकरावीच्या विद्यार्थ्याने ही संधी सोडू नये.

इंग्रजीबाबत दोन वेगळे गैरसमज आहेत. पहिला, ‘इंग्रजी सुधारेल म्हणून इंग्रजी साहित्य घेतो’. साहित्याचा अभ्यासक्रम संभाषणाचा वर्ग नसतो. तिथे नाटक, कविता, समीक्षा असते आणि भाषा बऱ्यापैकी येते असे गृहीत धरलेले असते. केवळ इंग्रजी सुधारायचे असेल तर ती आवड दुसऱ्या मुख्य विषयासोबत जोडविषय किंवा कौशल्य विषय म्हणून भागवता येते. दुसरा गैरसमज, ‘सामाजिक शास्त्रे मराठीतून करता येतात, मग इंग्रजी कशाला’. पदवी मराठीतून करता येते आणि उत्तमही करता येते. मात्र पदव्युत्तर आणि संशोधनाच्या टप्प्यावर बहुतेक वाचन इंग्रजीत असते. तीन वर्षांत वाचनापुरते इंग्रजी कमावले नाही, तर विषय येत असूनही माणूस अडतो.

नोकरी कशात जास्त?

‘सामाजिक शास्त्रांत नोकरी, साहित्यात हौस’ अशी विभागणी सोपी वाटते, पण ती नीट बसत नाही. सामाजिक शास्त्रांच्या पदवीधरांसाठी सर्वेक्षण, बाजार संशोधन, स्वयंसेवी संस्था, मनुष्यबळ विभाग, धोरण संशोधन ही क्षेत्रे आहेत. त्यांतल्या चांगल्या जागा बहुधा एम.ए. आणि माहिती विश्लेषणाचे एखादे कौशल्य मागतात. भाषा-साहित्याच्या पदवीधरांसाठी अध्यापन, पत्रकारिता, संपादन, अनुवाद, उपशीर्षके, जाहिरात, पटकथा, प्रकाशन ही क्षेत्रे आहेत. तिथे पदवीपेक्षा कामाचे नमुने आधी मागितले जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने दोन्हीकडचे खालचे पायरीचे काम हलवले आहे. सरधोपट अनुवाद आणि साचेबद्ध मजकूर यंत्र करते, तसेच तक्ते आणि साधे आकडेवारीचे सारांशही यंत्र करते. उरते ते तपासण्याचे काम. अनुवादात म्हणीचा अर्थ निसटला का, सर्वेक्षणाचा प्रश्न चुकीचा विचारला गेला का, कोणत्या वस्तीतले लोक नमुन्यातून सुटले, हे ओळखणारा माणूस लागतो. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा भाषांतर प्रकल्प भारतीय भाषांसाठी २०२२ पासून सुरू आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. यातून किती जागा निर्माण होतील हे पुढे कळेल. पण मराठी घेतले म्हणजे वाट संपली, असे आज म्हणता येत नाही.

दोन्हींचा मेळ घालता येतो का?

येतो, आणि आपल्याकडे तो जुना आहे. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. तो घडवणारे गो. स. घुर्ये मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानात बी.ए. केले, मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या आणि बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. महाभारतावरच्या त्यांच्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नातेसंबंध आणि कुटुंबरचना यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी व्यक्ती एक जुनी संहिता कशी वाचते, हे त्या पुस्तकातून दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन १९१२ मध्ये बी.ए. केले. पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले.

नव्या रचनेतील मुख्य आणि जोडविषयाची तरतूद या मेळासाठी वापरता येते. राज्यशास्त्रासोबत मराठी घेतले तर पत्रकारिता आणि स्पर्धा परीक्षा दोन्हींना बळ मिळते. मानसशास्त्रासोबत भाषा घेतली तर समुपदेशनाच्या पुढच्या वाटेवर लोकांचे बोलणे ऐकण्याची तयारी होते. इंग्रजी साहित्यासोबत समाजशास्त्र किंवा इतिहास घेतला तर वाचनाला संदर्भ मिळतो. मात्र मेळ घालताना मुख्य विषय कोणता, हे स्पष्ट ठेवावे. पुढची पात्रता बहुतेक ठिकाणी त्यावरूनच तपासली जाते.

मग निवड मोकळी का नाही?

कारण धोरणात विषयांची थाळी मोठी आहे, पण वाढणारे हात कमी आहेत. मोठ्या शहरातील महाविद्यालयात दहा-बारा मुख्य विषय असतात. तालुक्याच्या महाविद्यालयात चार-पाच असतात आणि त्यातही एखाद्या विभागात एकच पूर्णवेळ प्राध्यापक, बाकी तासिका तत्त्वावर. प्राध्यापकांच्या जागा कार्यभाराशी बांधलेल्या असतात. एखाद्या विषयाला विद्यार्थी कमी झाले की कार्यभार घटतो, जागा धोक्यात येते आणि पुढे तो विषयच बंद होऊ शकतो. मग पुढच्या वर्षीच्या मुलांना तो पर्यायच दिसत नाही. म्हणून काही ठिकाणी विद्यार्थ्याला विशिष्ट गटाकडे वळवले जाते. त्यात त्याच्या आवडीपेक्षा विभाग टिकवण्याची गरज मोठी असू शकते.

याचा सर्वाधिक फटका ज्यांना गाव सोडून शिकता येत नाही त्यांना बसतो. विशेषतः रोज एसटीने येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलींना. त्यांच्यासाठी ‘सामाजिक शास्त्र की साहित्य’ हा प्रश्न आवडीचा नसून, जवळच्या महाविद्यालयात काय आहे याचा असतो. खुले वैकल्पिक विषय आणि ‘स्वयम’सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळणारे क्रेडिट ही उणीव काही प्रमाणात भरून काढू शकतात. पण महाविद्यालय ते मान्य करते का, हे आधी विचारावे लागते.

प्रवेशाआधी महाविद्यालयाला काय विचारावे?

– मुख्य विषय कोणत्या सत्रात निश्चित होतो आणि नंतर बदलता येतो का?
– पहिल्या वर्षीचे विषयगट कोणते? त्यात भाषा आणि सामाजिक शास्त्र एकत्र घेता येते का?
– मला हव्या असलेल्या विषयाचा मुख्य विषय म्हणून अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षापर्यंत चालतो का? मागील वर्षी त्या विषयाची तुकडी भरली होती का?
– त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती?
– चौथे वर्ष त्या विषयात उपलब्ध आहे का? नसल्यास जवळ कुठे आहे?
– प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रकार्य कुठे आणि कसे होते? कागदावरच होते का?
– स्वयमचे क्रेडिट आणि विद्यार्थ्याचे ‘अपार’ खाते यांची नोंद नियमित होते का?

घरी बसून आणखी एक चाचणी करता येते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दोन्ही विषयांच्या तिसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढा. पहिल्या वर्षाच्या नकोत, त्या सगळ्याच ओळखीच्या वाटतात. तिसऱ्या वर्षाचे कोणते प्रश्न वाचून उत्तर शोधावेसे वाटते, ते पाहा. नंतर ज्या पदाचे किंवा अभ्यासक्रमाचे स्वप्न आहे त्याची ताजी जाहिरात उघडून पात्रतेची ओळ वाचा. प्रश्नपत्रिका आवड सांगेल, जाहिरात अट सांगेल. दोन्ही एकाच विषयाकडे बोट दाखवत असतील तर निवड झाली. तसे नसेल, तर अटीचा विषय मुख्य आणि आवडीचा जोडविषय, किंवा उलट, एवढाच निर्णय उरतो. तो घरच्यांनी, शेजाऱ्यांनी किंवा प्रवेश खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने घेण्याआधी विद्यार्थ्याने स्वतः घ्यायला हवा.